विजेच्या माउंटन सायकलची बॅटरी खडखडते: फट नेमकी कुठली आणि कशाने भरावी?

रानवाटा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली विजेची माउंटन सायकल आहे. मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर आहे आणि ३६ व्होल्टची बॅटरी डाउनट्यूबमधल्या, म्हणजे हँडलकडून पेडलकडे तिरक्या उतरणाऱ्या नळीतल्या, खोबणीत वरच्या बाजूने बसते. खालच्या टोकाला कनेक्टर आहे आणि वरच्या टोकाला किल्लीचे कुलूप आहे. मी साताऱ्यात राहतो. यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि पुढे डांबर सोडून जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटांनी हिंडायचे, असा माझा नेहमीचा क्रम आहे. डांबरी रस्त्यावर सायकल अगदी गप्प असते, पण दगडांवरून उतरायला लागलो की फ्रेममधून सतत खडखडाट येतो. बॅटरीला हाताने धरून हलवले, तर खालचे टोक घट्ट वाटते आणि वरचे टोक डावीकडे-उजवीकडे सुमारे दोन मिलिमीटर हलते.

जिथून सायकल घेतली त्या दुकानदाराचे म्हणणे असे की, काढता येणारी बॅटरी म्हटली की एवढी मोकळीक असायचीच, आणि फारच त्रास होत असेल तर मध्ये थोडा स्पंज घालावा. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा आवाज केवळ कानाला त्रास देणारा आहे, की त्याने बॅटरीचे किंवा कनेक्टरचे काही नुकसान होते? आणि फट भरायचीच असेल, तर ती स्पंजने भरावी, रबराने भरावी, की कुलपाची बाजूच आवळून घ्यावी?

चक्रधर
स्पंजाचा विषय थोडा बाजूला ठेवू. आधी एवढे सांगा, की बॅटरी नळीच्या लांबीच्या दिशेनेही सरकते का, म्हणजे हँडलकडे आणि पेडलकडे? आणि तळहाताने खोबणीत दाबली, तर आत जाऊन पुन्हा वर येते का? डावी-उजवी हालचाल, लांबीची हालचाल आणि आत-बाहेरची हालचाल हे तीन निरनिराळे दोष आहेत आणि तिघांचे उपायही निरनिराळे आहेत. आवाज मात्र तिन्हींचा सारखाच येतो.

तिरपागडे
दुकानदाराने एक फायदा सांगायचा राहून गेला. खडखडणारी बॅटरी असली की वाटेवरची गुरे आपोआप बाजूला होतात आणि घंटीचा खर्च वाचतो.

अनुजा_फ्रायबुर्ग
मी जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला राहते. इथे अशा सायकली इतक्या आहेत की या खडखडाटावर दर रविवारी एखाद्या वळणावर परिसंवाद भरलेला असतो. त्या अनुभवावरून सांगते, की बॅटरीला शिक्षा करण्याआधी ती खरोखर दोषी आहे का, हे तपासून घ्यावे. ज्या सायकलींत मोटर पेडलपाशी असते, त्यांतल्या काही मोटरींच्या आतले फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) उतारावर पाय थांबवले की खळखळ वाजते, आणि तो आवाज डाउनट्यूबमध्ये घुमून थेट बॅटरीतून आल्यासारखा वाटतो. त्याची ओळख सोपी आहे. उतरताना पेडलवर किंचित दाब ठेवला आणि आवाज थांबला, तर तो मोटरीचा असतो. बॅटरीला तुमच्या पायांशी काही देणेघेणे नसते. रानवाटा यांची मोटर चाकात असल्याने त्यांना ही शंका नको, पण हा धागा इतरही वाचतील म्हणून लिहून ठेवले.

त्यांच्यासाठी दुसरी चाचणी आहे. बॅटरी घरी काढून ठेवावी आणि त्याच दगडी वाटेवरून मोटरीविना सावकाश उतरून पाहावे. आवाज तसाच राहिला, तर तो नळीतल्या केबलींचा, डिस्क ब्रेकच्या पॅडचा, चेन फ्रेमवर आपटण्याचा किंवा स्टँडचा असू शकतो. आवाज गेला, तर बॅटरी परत बसवावी आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची घडी एका वेळी एकाच फटीत घालून तीच वाट पुन्हा उतरावी. ज्या फटीतल्या घडीने आवाज बंद होतो, ती खरी फट. कागद हा कायमचा इलाज नव्हे, पण निदानासाठी त्याच्याइतके स्वस्त उपकरण दुसरे नाही. शिवाय घड्या मोजल्या की जागा किती भरायची याचे मापही हातात येते.

तिरपागडे
अनुजाताई, पत्रिका कोणाची वापरायची हेही सांगून ठेवा. ज्यांनी जेवणावळीत जिलबी संपवली होती त्यांची पत्रिका मी अशा कामासाठीच जपून ठेवली आहे.

कोकणकडा
मी रत्नागिरीकडचा आहे. माझा उपाय साधा आहे आणि तो चालतो. सायकलीच्या टाकाऊ ट्यूबचे दोन बोटे रुंद तुकडे कापायचे, त्यांवरची पांढरी पावडर धुऊन काढायची आणि खोबणीच्या दोन्ही भिंतींना आतून चिकटवायचे. बॅटरी थोडी जोर लावून बसते आणि आवाज नाहीसा होतो. स्पंज मात्र मुळीच घालू नये, असे मी कळकळीने सांगेन. आमच्याकडच्या पावसात साधा स्पंज पाणी पितो आणि ते चार महिने धरून ठेवतो. वर आमची हवा खारट. मी एका मित्राच्या सायकलीतून असा स्पंज काढला होता. त्याच्याखाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती आणि कुलपाच्या खिट्टीवर गंज चढला होता. डाउनट्यूबच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी एक लहानसे भोक असते, तेही त्या स्पंजाच्या लगद्याने बुजले होते.

ओहम
माझे काम वीजजोडण्यांचे असल्याने रानवाटा यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. नुकसान होते, आणि ते बॅटरीच्या खोक्यापेक्षा कनेक्टरच्या पिनांचे होते.

आकडेच पाहू. खालचे टोक घट्ट आहे आणि वरचे टोक दोन मिलिमीटर हलते, याचा अर्थ बॅटरी खालच्या टोकाभोवती डोलते. बॅटरीची लांबी चाळीस सेंटिमीटर धरली आणि पिनेची लांबी एक सेंटिमीटर धरली, तर वरच्या दोन मिलिमीटर डोलण्याने पिनेच्या टोकाशी सुमारे ०.०५ मिलिमीटर हालचाल होते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खालचे टोक घट्ट असल्याचा भास होतो. परंतु धातूच्या स्पर्शबिंदूंना नेमकी अशीच बारीक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल बाधते. वरचा मुलामा घासला जातो, खालचा धातू उघडा पडून त्यावर ऑक्साइड चढते, पुढच्या गचक्याला ते खरवडले जाते आणि त्याची काळी भुकटी त्याच जागी साठत जाते. जोडणीचा रोध वाढतो तो असा.

समजा तो वाढून ५० मिलिओहम झाला. सपाटीवर ७ अँपिअर प्रवाह असेल, तर तिथे अडीच वॉट उष्णता निर्माण होईल आणि कोणाला काही कळणारही नाही. चढावर कंट्रोलरने, म्हणजे मोटरीला वीज पुरवणाऱ्या नियंत्रकाने, १५ अँपिअर घेतले, की तीच उष्णता अकरा वॉटच्या वर जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढी उष्णता दोन बारीक पिनांपाशी कोंडली, की भोवतालचे प्लॅस्टिक पिवळे पडू लागते आणि पुढे मऊ होऊन पिन तिरकी होते. यवतेश्वराच्या घाटात तुमचा कंट्रोलर तेवढा प्रवाह घेतच असेल. डिस्प्ले गचक्यासरशी क्षणभर विझून पुन्हा लागत असेल, तर ही अवस्था जवळ आली आहे असे समजावे.

म्हणून माझे मत असे, की आवाज बंद करणे आणि हालचाल बंद करणे ही दोन कामे आहेत. मऊ वस्तू घातली की आवाज जातो, पण हालचाल उरते आणि आता ती ऐकूही येत नाही. कोकणकडा यांच्या ट्यूबबद्दल माझी शंका एवढीच आहे.

कोकणकडा
ओहम साहेब, तुमचे गणित मला मान्य आहे, पण ट्यूबचे रबर म्हणजे स्पंज नव्हे. जोराने दाबून बसवल्यावर ते एका मर्यादेपुढे दबतच नाही. माझ्या सायकलीच्या पिना आजही लखलखीत आहेत आणि मी आमच्या घाटवाटांवर ती काही गोंजारत चालवत नाही. तुमच्या पुस्तकातल्या पिनेपेक्षा माझी पिन जरा जास्त सोशिक असावी.

ओहम
ज्या बॅटरीला जोर लावून बसवावे लागते तिथे रबर खरोखर दाबाखाली असते, हे मान्य. माझा आक्षेप नुसत्या भरावाला आहे. तुमच्या पद्धतीत बॅटरी दोन भिंतींमध्ये चेपली जाते, आणि ते योग्यच आहे. फरक रबर की स्पंज असा नसून, बॅटरी बसवल्यावर त्या तुकड्यावर सतत दाब राहतो की नाही, असा आहे.

मेस्त्री_मडगाव
माझ्याकडे साधी सायकल किट लावून विजेची केलेली आहे. बॅटरी डाउनट्यूबच्या वर बसते आणि तिचा खालचा पट्टा बाटलीच्या स्टँडच्या दोन भोकांवर आवळलेला आहे. अशा रचनेत बॅटरी आणि पट्टा यांच्यात फट नसूनही सगळे मिळून हलू शकते, कारण फ्रेममध्ये ठोकलेला रिव्हेट नटच (बोल्ट धरणारी आट्यांची धातूची नळी) सैल होऊन भोकात फिरू लागतो. बाटलीसाठी ठोकलेल्या नटाने भरलेल्या बाटलीचे किलोभर वजन पेलायचे असते. आपण त्यावर तीन-साडेतीन किलो टांगतो आणि वर दगडांवरून नेतो. दगडावर चाक आपटून चौपट धक्का बसला, तर साडेतीन किलोची बॅटरी त्या क्षणी चौदा किलोच्या वजनासारखी ओढते. बोल्ट आवळताना तो नुसताच फिरत राहिला, तर पान्यावर जोर काढू नये. नट काढून नवा ठोकून घ्यावा. भोकांना जोडून खालून आणखी एक पट्टीचा आधार दिला, तर उत्तमच.

रानवाटा
सर्वांचे आभार. अनुजाताईंनी सांगितलेली चाचणी केली. बॅटरी काढल्यावर सायकल उतारावर जवळजवळ शांत होती, म्हणजे मुख्य आवाज बॅटरीचाच आहे. त्यानंतर खोबण टॉर्चच्या प्रकाशात नीट पाहिली. उजव्या भिंतीवर वरून चार बोटे खाली काळा रंग घासला जाऊन नखाएवढी चंद्रकोर उघडी पडली आहे आणि ती आरशासारखी चकाकते. बॅटरीच्या कवचावर बरोबर त्याच उंचीला करडी भुकटी आहे. कुलपाच्या खिट्टीच्या खालच्या कडेलाही तशीच चकाकी आहे, मात्र वरची कडा कोरी आहे. पिनांभोवती थोडा काळेपणा दिसतो, पण प्लॅस्टिकचा रंग बदललेला नाही. डिस्प्ले कधी विझलेला नाही.

चक्रधर यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की लांबीच्या दिशेने बॅटरी अगदी किंचित सरकते आणि तळहाताने दाबली तर खोबणीत थोडी आत जाऊन परत वर येते. पत्रिकेच्या कागदाची घडी उजव्या भिंतीत घातली तेव्हा आवाज अर्ध्याहून कमी झाला. ती काढून कुलपाच्या खिट्टीखाली घातली तेव्हाही थोडा कमी झाला. दोन्हीकडे घातल्यावर जवळपास बंद झाला.

चक्रधर
आता चित्र स्पष्ट आहे. खिट्टीची फक्त खालची कडा घासली आहे, याचा अर्थ खिट्टी आणि बॅटरीवरची खाच यांच्यात जागा उरली आहे आणि प्रत्येक धक्क्याला बॅटरी उसळून खिट्टीच्या त्या कडेवर आदळते. म्हणून पहिले काम कुलपाच्या बाजूचे, भिंतीचे नंतर. अनेक फ्रेमांत कुलूप ज्या ब्रॅकेटवर असते, त्याची स्क्रूची भोके गोल नसून लांबट असतात आणि ती याच कामासाठी ठेवलेली असतात.

बॅटरी काढून बाहेर ठेवा. ब्रॅकेटचे दोन्ही स्क्रू इतकेच ढिले करा, की ब्रॅकेट अंगठ्याने जोर दिल्यावर सरकेल, पण आपोआप घसरणार नाही. आता बॅटरी बसवून कुलूप लावा, एका हाताने बॅटरी खोबणीत पूर्ण दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने ब्रॅकेट खिट्टी टेकेपर्यंत बॅटरीकडे ढकला. ब्रॅकेटची कडा जिथे आली तिथे पेन्सिलीने फ्रेमवर रेघ ओढा. बॅटरी काढा, रेघ पाहून ब्रॅकेट तसाच ठेवा आणि स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर ब्रॅकेट तिरका होतो आणि केलेले सगळे वाया जाते. टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळायचा याचा, आकडा तुमच्या सायकलीच्या पुस्तिकेत असेल, तोच पाळा. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की साधे काम मोठे होऊन बसते.

तपासणी दोन गोष्टींची करायची. बॅटरी दाबल्यावर कुलूप खट्‌कन लागले पाहिजे, आणि काढताना किल्ली दोन बोटांनी फिरली पाहिजे. किल्ली फिरवण्यासाठी बॅटरीवर गुडघा टेकवावा लागत असेल, तर ब्रॅकेट जास्त पुढे आला आहे. अशी किल्ली एक दिवस कुलपातच तुटते, आणि तो दिवस हमखास कासच्या पठारावरचा, धुक्याचा आणि पावसाचा असतो.

सुतारपक्षी
स्क्रूंवर निळे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारे द्रव, लावण्याचा मोह अनेकांना होतो. धातूच्या आट्यांना ते योग्यच आहे, पण अनेक कुलपांचे ब्रॅकेट आणि बॅटरीची कवचे प्लॅस्टिकची असतात. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएससारख्या प्लॅस्टिकवर ते द्रव ओघळले, तर ताणाखाली असलेल्या जागी बारीक भेगा पडतात, आणि त्या लगेच न दिसता काही दिवसांनी उमटतात. म्हणून एकच थेंब, तोही स्क्रूच्या टोकाकडच्या आट्यांवर लावावा आणि ओघळलेले लगेच पुसून घ्यावे. ब्रॅकेट प्लॅस्टिकचा असेल, तर ते अजिबात वापरू नये. अधूनमधून स्क्रू तपासणे बरे.

भिंतीच्या फटीसाठी मी थ्रीडी प्रिंटरवर पट्ट्या काढल्या आहेत. त्यासाठी टीपीयू नावाचे रबरासारखे लवचीक साहित्य घ्यावे. स्वस्त आणि सोपे म्हणून लोक पीएलए वापरतात, पण ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. काळ्या रंगाची फ्रेम मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी राहिली, तर पट्टी वाकून बॅटरी अडकलेली सापडेल.

उपराजधानी
सुतारपक्षी यांच्याशी सहमत. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर चिकटवण्याच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. वीजतारांना गुंडाळायची काळी टेप लोक सर्रास लावतात. मे महिन्यात तिचा डिंक वितळून पट्टी खाली सरकते, तिच्यावर धूळ बसते आणि काळा चिकट लेप बॅटरीच्या कवचावर पसरतो. मोटारीतल्या तारांच्या जुडग्यांवर असते ती कापडी टेप त्या मानाने बरी टिकते. रबर चिकटवायचे असेल, तर आधी भिंत स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. चेनचे तेल उडून आत बसलेले असते आणि ते नुसत्या फडक्याने निघत नाही.

अनुजा_फ्रायबुर्ग
चक्रधर यांची पद्धत इथल्या कार्यशाळेत पाहिलेल्या पद्धतीशी जुळते. मी फक्त एक भर घालते. कनेक्टरच्या बाजूचे स्क्रू घरी ढिले करू नयेत. ती बाजू किंचितही तिरकी बसली, तर पिना वाकड्या शिरतात आणि खडखडाटापेक्षा मोठे दुखणे मागे लागते. हालवायचे ते कुलपाकडचे टोक, असा साधा नियम ठेवावा.

आणि ज्यांची बॅटरी नळीच्या खालून किंवा बाजूने बाहेर येते, त्यांनी अधिक काळजी घ्यावी. बॉशच्या पॉवरट्यूबसारख्या रचनांत कुलूप उघडल्यावर बॅटरी लगेच खाली पडू नये म्हणून दुसरा अडसर असतो. आवाज घालवण्याच्या नादात तिथे रबर चिकटवले, तर तो अडसर नीट अडकत नाही. रबर लावल्यावर कुलूप उघडून, खाली हात धरून, बॅटरी त्या अडसरावर थांबते का ते पाहूनच सायकल बाहेर काढावी. साडेतीन किलोची वस्तू पायावर पडण्याचा अनुभव कोणीही घेऊ नये.

रेवा_के
मी एक सोपा उपाय सुचवते. डाउनट्यूबला बाहेरून एक रुंद वेल्क्रोचा पट्टा आवळून बांधला की झाले. मी तसेच करते, आणि बॅटरी काढताना पट्टा सोडायला क्षणभरही लागत नाही.

चक्रधर
रेवाताई, पट्टा वाटेतला इलाज म्हणून चांगला आहे आणि सामानाच्या पिशवीत एक ठेवावाच. पण तो बॅटरीला फक्त आत दाबतो. डाव्या-उजव्या डोलण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय चिखल पट्ट्याखाली शिरला, की तो पॉलिश पेपरसारखा फ्रेमचा रंग खातो. पट्ट्याखाली ट्यूबचा तुकडा घाला आणि धुताना पट्टा सोडून धुवा.

रेवा_के
ट्यूबचा तुकडा घालते, आणि रंग गेल्याचे खापर तुमच्यावर फोडायचा बेत रद्द करते. आणखी एक विचारते. माझी बहीण कॅलिफोर्नियात आहे आणि तिची सायकल अशीच वाजते. ती डिसेंबरमध्ये येणार आहे. बॅटरी सोबत आणून इथल्या मेकॅनिकला दाखवता येईल का?

ओहम
येणार नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुपटी-तिपटीच्या असतात. शिवाय दोष बॅटरीत नसून बॅटरी आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत असतो, आणि फ्रेम तर कॅलिफोर्नियातच राहील.

तिरपागडे
थोडक्यात, मेकॅनिकलाच तिकडे पाठवणे सोपे पडेल. मी तयार आहे. मला फक्त पाना धरायला शिकवा.

ओहम
रानवाटा यांच्यासाठी पिनांबद्दल राहिलेले सांगतो. काळेपणा दिसतो म्हणून पॉलिश पेपर किंवा चाकू लावू नये. उरलासुरला मुलामाही जाईल. बॅटरी बाहेर काढून चार्जरपासून दूर ठेवावी आणि फ्रेमकडच्या पिनांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरड्या मऊ ब्रशने पुसावे. बॅटरीकडच्या टोकावर काम करताना धातूचे काहीही हाती असू नये. पूर्ण भरलेल्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत ४२ व्होल्ट असतात. त्याने माणसाला सहसा झटका जाणवणार नाही, पण दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा पडला तर त्याचे टोक वितळते. साफ केल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे पावसाची ओल आत जाणार नाही. आणि भिंतीची फट भरायला बॅटरीच्या कवचात स्क्रू मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला नमस्कार करून घरी यावे. कवचापासून सेल किती आत आहेत हे बाहेरून दिसत नाही.

रानवाटा
काम केले, म्हणून सविस्तर लिहितो. कुलपाच्या ब्रॅकेटची भोके खरोखर लांबट निघाली आणि दुकानातून आला तेव्हा ब्रॅकेट अगदी मागच्या टोकाला आवळलेला होता. तो सुमारे एक मिलिमीटर पुढे आला. एवढ्यानेच बॅटरी दाबल्यावर उसळणे बंद झाले आणि लांबीची सूक्ष्म हालचालही गेली. ब्रॅकेट धातूचा असल्याने निळ्या द्रवाचा एकेक थेंब लावला. भिंतींसाठी कोकणकडा यांची ट्यूब वापरली, पण पूर्ण लांबीभर न लावता जिथे चंद्रकोर उमटली होती तिथे आणि तिच्या समोरच्या भिंतीवर एकेक तुकडा लावला. उजवीकडे एकेरी थराने भागले नाही, म्हणून दुहेरी केला. पाणी जाण्याचे भोक काडीने मोकळे केले. किल्ली दोन बोटांनी फिरते.

त्याच वाटेने उतरलो. मोठा खडखडाट पूर्ण गेला आहे. मात्र आता आधी कधी न ऐकलेली एक बारीक टक्‌टक्‌ ऐकू येते. ती फक्त लहान, लागोपाठच्या दगडांवर येते आणि हँडल वळवून धरले की बंद होते.

अनुजा_फ्रायबुर्ग
अभिनंदन. ही टक्‌टक्‌ बहुधा आधीही होती. मोठ्या आवाजाखाली दबलेली होती. हँडल वळवल्यावर थांबते, म्हणजे ती नळीत शिरणाऱ्या ब्रेकच्या किंवा गिअरच्या केबलीची असणार, कारण हँडल वळले की केबल ताणली जाते आणि नळीच्या भिंतीपासून सुटते. बॅटरी काढलीत की खोबणीतून केबल दिसते का पाहा. दिसत असेल, तर तिच्यावर फोमची नळी चढवा. ही नळी बंद छिद्रांच्या, म्हणजे पाणी न पिणाऱ्या, फोमची असावी, म्हणजे कोकणकडा रागावणार नाहीत. केबल कनेक्टरकडे जाणाऱ्या तारांना घासत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

कोकणकडा
बंद छिद्रांच्या फोमला माझी हरकत नाही. ट्यूबचे तुकडे मात्र पावसाळा संपल्यावर एकदा उचलून खाली पाहा, आणि चिकटलेले राहिले नसतील तर नवे लावा. पंक्चरवाल्याकडे ट्यूब फुकट मिळते.

माळरान_८
माझी सायकल रानवाटा यांच्यासारखीच आहे, पण कुलपाच्या ब्रॅकेटची भोके गोल आहेत, म्हणजे ते पुढे-मागे होत नाही. बॅटरी दाबली की तीही उसळते. भोके कानशीने लांबट करावीत का?

चक्रधर
कानस लावू नका. ब्रॅकेट कमजोर होईल आणि हमीही जाईल. ब्रॅकेट हलत नसेल, तर बॅटरी खिट्टीकडे उचलायची. खोबणीच्या तळाशी, कुलपाच्या टोकापासून चार बोटे अलीकडे टीपीयूची किंवा कडक रबराची पट्टी चिकटवा. जाडी अनुजाताईंच्या पत्रिकेने ठरवा: कुलूप खट्‌कन लागते आणि उसळणे थांबते, तिथपर्यंत घड्या वाढवत जा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी कापा. कनेक्टरच्या टोकाखाली मात्र काहीही घालू नका, नाहीतर पिना वरून चेपल्या जातील.